डेटाबेस रेप्लिकेशन: भिवंडीच्या गोडाऊनसाठी तीन सर्व्हरांचा गट कसा उभा करायचा

ठाण्याहून कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ करत अंजूरफाट्याकडे निघालात की रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोडाऊनच गोडाऊन. बाहेरून पत्र्याचे गाळे दिसतात, पण आत प्रत्येकात एक कॉम्प्युटर असतो आणि त्यावर सगळा धंदा चालतो. माल आला, स्कॅन झाला, रॅकला लागला, गेटपास निघाला, ई-वे बिल बनलं, ट्रक सुटला. यातली एकेक पायरी डेटाबेसमध्ये एक नोंद असते. डेटाबेस बंद पडला की ट्रक तिथेच उभा राहतो, आणि ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी काचेवर टकटक करतो.

अशा गोडाऊनवाल्यांची सर्व्हरची कामं मी करतो. मला नेहमी विचारला जाणारा प्रश्न असा: "सर्व्हर आहे, रोज रात्री बॅकअप पण घेतो, मग अजून सर्व्हर कशाला?" आणि ज्यांना पटतं त्यांचा पुढचा प्रश्न: "बरं, एक स्टँडबाय ठेवू. दोन झाले की बास ना?" या लेखात पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात देतो आणि दुसऱ्याचं सविस्तर, कारण दोनवर थांबण्याची चूक मी स्वतः केलेली आहे. उदाहरणं मायएसक्यूएलची आहेत. सेटिंगची नावं देवनागरीत लिहिली आहेत. कॉन्फिग फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाकायची.

रेप्लिकेशन म्हणजे काय

जुन्या पेढीवर दोन वह्या असायच्या. कीर्द आणि खतावणी. दिवसभरात जे घडेल ते घडलं त्या क्रमाने कीर्दीत लिहायचं, मग तिथून उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत मांडायचं. खतावणी जळाली तरी कीर्द शाबूत असेल आणि सुरुवातीची शिल्लक माहीत असेल तर ती पुन्हा बनवता येते.

डेटाबेसचंही असंच आहे. तुमची टेबलं म्हणजे खतावणी. मायएसक्यूएल त्याच्या जोडीला एक बायनरी लॉग ठेवतं, ती कीर्द. प्रत्येक बदल तिच्यात क्रमाने उतरतो. रेप्लिकेशन म्हणजे दुसऱ्या सर्व्हरने ही कीर्द मागवायची, आपल्याकडे उतरवून घ्यायची आणि तिच्यावरून स्वतःची खतावणी मांडत राहायचं. मूळ सर्व्हरला सोर्स म्हणतात आणि नक्कल ठेवणाऱ्याला रेप्लिका. रेप्लिकावर दोन कामगार असतात. एक सोर्सकडून नोंदी आणून रिले लॉगमध्ये टाकतो, दुसरा रिले लॉग वाचून टेबलांमध्ये बदल करतो. बिघाड शोधताना ही विभागणी फार कामी येते, कारण पहिला अडला असेल तर दोष बहुधा नेटवर्कचा किंवा पासवर्डचा असतो, आणि दुसरा अडला असेल तर डेटाचा.

आवृत्ती ५.६ पासून प्रत्येक व्यवहाराला जीटीआयडी नावाचा क्रमांक देता येतो. व्हाउचरवर पेढीचा शिक्का आणि नंबर असतो ना, तसाच. शिक्का म्हणजे सर्व्हरचा यूयूआयडी, पुढे अनुक्रमांक. आज नवीन काही उभं करणार असाल तर जीटीआयडी चालू करूनच करा. त्याशिवाय "लॉगची अमुक फाइल, तमुक जागा" असा हिशेब हाताने ठेवावा लागतो आणि रात्री दोन वाजता तो हमखास चुकतो.

आधी दोन सर्व्हर जोडून बघा

गटाकडे जाण्याआधी साधी जोडी एकदा हाताने उभी करावी, असं माझं मत आहे. कळा कुठे आहेत ते समजतं.

सोर्स आणि रेप्लिका दोघांनाही वेगळा सर्व्हर-आयडी द्या. आवृत्ती ८.० पासून तो न दिल्यास सगळ्यांचा १ असतो, त्यामुळे हे विसरलात तर पहिल्याच पावलाला ठेच लागते. बायनरी लॉग ८.० मध्ये मुळातच चालू असतो. जीटीआयडी मोड चालू करा. सोर्सवर फक्त रेप्लिकेशनसाठी एक वेगळा युजर बनवा. कृपा करून तिथे रूटचा पासवर्ड देऊ नका. मग सोर्सचा पूर्ण डेटा रेप्लिकावर न्या. डेटा लहान असेल तर मायएसक्यूएल-डंप पुरतो, मोठा असेल तर ८.०.१७ पासून आलेलं क्लोन प्लगइन वापरा. शेवटी रेप्लिकाला सोर्सचा पत्ता देऊन रेप्लिकेशन सुरू करायचं.

इथे तीन ठिकाणी लोक हमखास अडकतात. पहिलं म्हणजे व्हर्च्युअल मशीनची कॉपी मारून दुसरा सर्व्हर बनवणं. त्यात यूयूआयडीसुद्धा जसाच्या तसा येतो, म्हणजे दोन पेढ्यांचा शिक्का एकच. रेप्लिकेशन सुरूच होत नाही. डेटा डिरेक्टरीतली 'ऑटो डॉट सीएनएफ' फाइल काढून सर्व्हर पुन्हा चालू केला की नवा यूयूआयडी तयार होतो. दुसरं, ८.० पासून पासवर्डची पद्धत बदलली आहे. कनेक्शन एन्क्रिप्टेड नसेल तर 'सुरक्षित कनेक्शन हवं' असं सांगून सोर्स दार लावून घेतो. टीएलएस चालू करणं हाच सरळ उपाय. तिसरं म्हणजे जुने व्हिडिओ. 'मास्टर' आणि 'स्लेव्ह' शब्द असलेल्या कितीतरी आज्ञा ८.४ मध्ये काढूनच टाकल्या आहेत. व्हिडिओतलं जसंच्या तसं टाईप करून एरर येत असेल तर आधी आवृत्ती बघा.

रेप्लिकावर 'सुपर-रीड-ओन्ली' चालू ठेवा. नुसतं 'रीड-ओन्ली' पुरत नाही. जास्त अधिकार असलेल्या युजरला ते अडवत नाही. कोणी चुकून थेट रेप्लिकावर एक नोंद केली की त्या पेढीच्या शिक्क्याचं एक अनाथ व्हाउचर तयार होतं, आणि पुढे कधीतरी तेच सगळ्यांना नडतं.

स्थिती बघताना 'सेकंड्स बिहाइंड सोर्स' हा आकडा सगळे बघतात. तो शून्य असेल तर बरं. पण तिथे 'नल' दिसलं तर त्याला शून्य समजू नका. नल म्हणजे रेप्लिकेशन चालूच नाही. एका ठिकाणी चार दिवस नल होतं आणि मॉनिटरिंगच्या स्क्रिप्टमध्ये ते शून्य म्हणून हिरवं दिसत होतं.

दोन का पुरत नाहीत

साध्या जोडीत सोर्स रेप्लिकासाठी थांबत नाही. नोंद झाली, ग्राहकाला 'झालं' म्हणून सांगितलं, आणि कीर्दीची प्रत जाईल तेव्हा जाईल. मधल्या क्षणात सोर्स जळाला तर तेवढ्या नोंदी गेल्या. यावर सेमी-सिंक नावाचा उपाय ५.५ पासून आहे: निदान एका रेप्लिकाने नोंद मिळाल्याची पोच दिल्याशिवाय सोर्स 'झालं' म्हणत नाही. पण त्याचं एक कलम लोक वाचत नाहीत. ठरलेल्या वेळात, मुळात १० सेकंदांत, पोच आली नाही तर तो गपचूप जुन्या पद्धतीवर जातो. लॉगमध्ये एक ओळ पडते, बस्स.

आता माझी चूक सांगतो. काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये सोर्स होता आणि ठाण्याच्या ऑफिसात रेप्लिका. एका संध्याकाळी ऑफिसातून फोन आला की गोडाऊनचा सर्व्हर दिसत नाही. मी बघितलं, पिंग जात नव्हतं. भिवंडी आहे, लाईट गेली असेल असं गृहीत धरलं आणि ठाण्याच्या रेप्लिकाला सोर्स करून टाकलं. ऑफिसचं काम सुरू झालं, मला शाबासकीही मिळाली.

गोडाऊनमध्ये लाईट होती. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली होती, एवढंच. आतल्या नेटवर्कवर स्कॅनर, गेटपास सगळं मजेत चालू होतं. साधारण चाळीस मिनिटं एकाच स्टॉकवर दोन ठिकाणांहून नोंदी होत राहिल्या. ऑफिसने जो माल एका पार्टीला लावला, तोच गोडाऊनने दुसऱ्या पार्टीच्या ट्रकमध्ये भरला. गेटपासचे नंबर दोन्हीकडे तेच. लिंक आल्यावर दोन खतावण्या जुळेनात आणि मालकाने पहिलं बोट सुपरवायझरकडे दाखवलं, कारण कागदावर कार्टन कमी होते आणि गेटवर सही त्याची होती. गेटवरचं हाताने लिहिलेलं रजिस्टर घेऊन आम्ही दोन रात्री एकेक नोंद लावली तेव्हा कुठे त्याचं नाव सुटलं. ते रजिस्टर नसतं तर काय झालं असतं, याचा विचार मी फारसा करत नाही.

या प्रकाराला स्प्लिट-ब्रेन म्हणतात. दोनच सर्व्हर असतील तर त्याला पक्का इलाज नाही. समोरचा दिसत नाही म्हणजे तो मेला की मधली तार तुटली, हे दोघांपैकी एकालाही स्वतःच्या जागेवरून कळू शकत नाही. माणसाला फोन करून विचारता येतं. मी तेवढंही केलं नव्हतं.

दोनचा भरवसा किती, याचं आपल्या तालुक्यातलं मोठं उदाहरण १२ ऑक्टोबर २०२० चं आहे. त्या सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. तेव्हा राज्य सरकारकडून सांगण्यात आलं ते असं: कळवा–पडघे ४०० केव्ही वाहिनीवर पहिल्या सर्किटचं देखभालीचं काम चालू होतं म्हणून भार दुसऱ्या सर्किटवर घेतला होता, आणि नेमका तिथेच बिघाड झाला. पडघे म्हणजे भिवंडी तालुकाच. दोनपैकी एक दुरुस्तीला काढलं की तुमच्याकडे एकच उरतं, हे सर्व्हरलाही लागू आहे. विंडोज किंवा लिनक्सचे अपडेट टाकायला रेप्लिका बंद केला, त्या अर्ध्या तासात तुम्ही पुन्हा एका सर्व्हरवर आलेले असता.

तीन सर्व्हरांचा गट

डिसेंबर २०१६ मध्ये मायएसक्यूएल ५.७.१७ बरोबर ग्रुप रेप्लिकेशन आलं. यात सर्व्हर एक गट करतात आणि बहुमताने चालतात. गटात जास्तीत जास्त ९ सदस्य घेता येतात. नोंद करताना गटाच्या बहुमताने तिचा क्रम मान्य केला तरच ती पक्की होते. मुळातल्या पद्धतीत एकच सदस्य प्रायमरी असतो आणि लिहिणं फक्त त्याच्यावर. तो गेला तर उरलेले आपसांत नवा निवडतात.

तिघांत बहुमत म्हणजे दोन. एक गेला तरी काम चालतं. चारांत बहुमत तीन, म्हणजे तिथेही एकच गेलेला चालतो. म्हणून चौथ्या सर्व्हरचे पैसे वाया. पाच घेतलेत तर दोन गेलेले चालतात. गोडाऊनसाठी तीन पुष्कळ झाले.

माझ्या काल्हेरच्या प्रसंगात हा गट असता तर? समजा गोडाऊनमध्ये दोन आणि ठाण्यात एक. फायबर तुटली की ठाण्याचा एकटा पडतो. त्याच्याकडे बहुमत नाही, त्यामुळे तो लिहायला नकार देतो. ऑफिसचं काम थांबतं, लोक चिडतात, मला फोन येतात. पण तोच माल दोनदा विकला जात नाही. हा नकार हीच या पद्धतीची खरी किंमत आहे, आणि मालकाला ते आधीच समजावून सांगावं लागतं. नाहीतर तो म्हणणार, तीन सर्व्हरचे पैसे घेतले तरी बंद कसं पडलं?

एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. बहुमत गमावलेला सदस्य मुळातल्या सेटिंगप्रमाणे लिहिणाऱ्याला थेट नाही म्हणत नाही. लिहिण्याची विनंती लटकत राहते आणि वाचणं चालू राहतं, तेही शिळा डेटा. 'अनरीचेबल मेजॉरिटी टाइमआउट' नावाची सेटिंग शून्यावर असते, म्हणजे अनंतकाळ वाट बघ. तिथे ठरावीक सेकंद दिलेत तर तेवढ्या वेळानंतर लटकलेले व्यवहार रद्द होतात आणि सदस्य एररमध्ये जातो. स्कॅनर हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला गोल फिरणाऱ्या चक्रापेक्षा स्पष्ट एरर बरी.

बहुमत कुठे ठेवायचं हा तांत्रिक प्रश्न वाटतो, पण तो धंद्याचा आहे. जिथे काम थांबलेलं परवडत नाही तिथे दोन ठेवा. माल गोडाऊनमध्ये हलतो, तर दोन गोडाऊनमध्ये. मात्र ते दोन एकाच यूपीएसवर, एकाच स्विचला, एकाच टेबलाखाली ठेवलेत तर ते दोन नाहीत. वेगळा यूपीएस, वेगळा स्विच, आणि जमलं तर गाळ्याची दोन टोकं. पावसाळ्यात पाणी शिरणाऱ्या भागात दोन्ही जमिनीपासून वर. गोडाऊनचं पूर्ण पॉवर गेलं तर ठाण्यातल्या एकट्याला बहुमत नसेल, हे मान्य करूनच चालायचं. तेव्हा हाताने त्याला एकट्याचा गट करता येतो. पण आधी गोडाऊनमध्ये फोन लावा आणि बाकीचे दोन खरोखर बंद आहेत याची माणसाकडून खात्री करा.

उभं करताना

टेबलं इनोडीबी प्रकारची हवीत आणि प्रत्येक टेबलाला प्रायमरी की हवी. जुन्या अकाउंटिंग किंवा स्टॉकच्या सॉफ्टवेअरमध्ये बिन-कीची दोन-चार टेबलं निघतातच. ती आधी शोधून काढा. बायनरी लॉग 'रो' पद्धतीचा, जीटीआयडी चालू. तिन्ही सर्व्हरांना एकमेकांची नावं कळली पाहिजेत, त्यासाठी होस्ट फाइलमध्ये नोंद करा आणि आयपी पत्ते पक्के ठेवा. राऊटरने पत्ता बदलला आणि गट फुटला, हे फार बघितलंय. गटातल्या आपसातल्या बोलण्यासाठी सहसा ३३०६१ हे पोर्ट वापरतात; ३३०६ च्या जोडीने तेही फायरवॉलमध्ये उघडा, पण फक्त या तिघांपुरतं.

हे सगळं कॉन्फिग फाइलमध्ये हाताने लिहिता येतं, पण मी आता मायएसक्यूएल शेल वापरतो. त्यात प्रत्येक सर्व्हर तपासून घ्यायची, पहिल्यावर क्लस्टर बनवायची आणि बाकीचे दोन त्यात जोडायची अशा सरळ आज्ञा आहेत. नवा सदस्य जोडताना डेटा क्लोन करायचा का, हेही शेलच विचारतो. पुढे मायएसक्यूएल राऊटर बसवा. तुमचं सॉफ्टवेअर राऊटरला जोडायचं. कोण प्रायमरी आहे ते तो बघून घेतो. लिहिण्यासाठी ६४४६ आणि वाचण्यासाठी ६४४७ ही त्याची नेहमीची पोर्टं.

हाताने करणारच असाल तर 'बूटस्ट्रॅप ग्रुप' ही सेटिंग पहिल्या सर्व्हरवर गट सुरू करण्यापुरतीच चालू करायची आणि लगेच बंद. ती कॉन्फिग फाइलमध्ये कायमची चालू राहिली तर लाईट जाऊन आल्यावर तो सर्व्हर जुन्या गटात परत न जाता त्याच नावाचा दुसरा गट स्थापन करेल. म्हणजे तीन सर्व्हर घेऊनही पुन्हा तीच दोन खतावण्यांची कटकट.

त्याचीच दुसरी बाजू अशी की तिन्ही सर्व्हर एकाच वेळी बंद पडले तर लाईट आल्यावर गट आपोआप उभा राहत नाही. नव्या माणसाला वाटतं काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं नसतं, कोणाकडे सर्वात ताजा डेटा आहे हे ठरल्याशिवाय सुरुवात करायची नाही, असा नियम आहे. शेलमध्ये 'रीबूट क्लस्टर फ्रॉम कम्प्लीट आउटेज' ही आज्ञा यासाठीच आहे. ती कागदावर लिहून सर्व्हरच्या रॅकला चिकटवून ठेवा. ज्या दिवशी लागेल त्या दिवशी इंटरनेटही बंद असण्याची शक्यता बरीच असते.

बहुमत असूनही गोंधळ होतो तो कसा, हे बघायचं तर गिटहबचा २१ ऑक्टोबर २०१८ चा प्रसंग वाचण्यासारखा आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्यांच्या डेटा सेंटरशी संपर्क ४३ सेकंद तुटला. प्रायमरी बदलणाऱ्या यंत्रणेने रीतसर बहुमत घेऊन पश्चिम किनाऱ्यावरचे मायएसक्यूएल सर्व्हर प्रायमरी केले. पण पूर्वेकडे झालेल्या शेवटच्या काही नोंदी अजून पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या. ४३ सेकंदांच्या त्या तुटीपायी सेवा २४ तास ११ मिनिटं विस्कळीत राहिली. प्रायमरी निवडायला बहुमत होतं, नोंद पक्की करायला नव्हतं. ग्रुप रेप्लिकेशनमध्ये दोन्हीला आहे, म्हणून मी त्याच्या बाजूने बोलतो.

पोस्टग्रेस वापरणाऱ्यांसाठी: तिथे स्ट्रीमिंग रेप्लिकेशन ९.० पासून आहे आणि कीर्दीला वॉल म्हणतात. पण प्रायमरी आपोआप बदलण्याची सोय मुळात नाही. त्यासाठी पॅट्रोनीसारखं वेगळं साधन लागतं. मारियाडीबीवाल्यांकडे गॅलेरा आहे आणि बहुमताचं गणित तिथेही तेच.

आणि बॅकअप

पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. बॅकअप असताना रेप्लिकेशन कशाला, तर काम थांबू नये म्हणून. आणि रेप्लिकेशन असताना बॅकअप कशाला? कारण 'व्हेअर' न लावता कोणी अपडेट मारलं आणि सगळ्या स्टॉकचा आकडा शून्य झाला, तर ते शून्य तिन्ही सर्व्हरांवर इमानेइतबारे उतरतं, बहुतेक वेळा तुमचं बोट एंटरवरून उठायच्या आत.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये रेप्लिकेशन दुरुस्त करताना एका इंजिनीअरने चुकून प्रायमरीचीच डेटा डिरेक्टरी पुसली. मग लक्षात आलं की रोजचे बॅकअप होतच नव्हते, कारण डंप घेणाऱ्या साधनाची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नव्हती. नशिबाने सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत कोणीतरी दुसऱ्या कामासाठी हाताने काढून ठेवलेली होती.

म्हणून मी गटाच्या बाहेर एक चौथं, जुनं मशीन साधा रेप्लिका म्हणून जोडतो आणि त्याला मुद्दाम एक तास मागे ठेवतो. 'सोर्स डिले' मध्ये ३६०० लिहिलं की झालं. चूक तासाभरात लक्षात आली तर तिथे जुना आकडा अजून असतो. रोजचा बॅकअप वेगळा, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी तो कुठल्यातरी रिकाम्या मशीनवर पूर्ण उतरवून, आदल्या दिवशीच्या शेवटच्या गेटपासचा नंबर रजिस्टरशी जुळतो का ते बघायचं. काल्हेरला हे काम आता सुपरवायझर स्वतः करतो.